परवडणारी काठी

'हौसेला मोल नाही' ही म्हण आपण बहुधा दोन प्रसंगी वापरतो. शेजाऱ्याने अवाजवी खर्च केला म्हणजे तिच्यात किंचित उपहास असतो; तोच खर्च आपण केला म्हणजे ती आपल्या समर्थनार्थ धावून येते. एकच वाक्य आरोपाचे आणि बचावाचे अशी दोन्ही कामे करू लागले, की त्याच्या पोटात एखादा अनिर्णित प्रश्न दडलेला आहे असे खुशाल समजावे. हौसेला खरोखरच मोल नसते काय? की मोल असते, पण ते कोणी चुकते केले याचा हिशेब मांडण्याचे आपण टाळतो?

या म्हणीच्या समोर आपल्या भाषेने एक साधे क्रियापद ठेवलेले आहे: परवडणे. व्यापाऱ्याला भाव परवडत नाही, शेतकऱ्याला बैलजोडी परवडत नाही, आणि रागावलेली आई मुलाला म्हणते, "हे थेर मला परवडायचे नाहीत." या तिसऱ्या वाक्यात पैशाचा संबंध कोठेही नाही. तेव्हा परवडणे म्हणजे केवळ खिशाला झेपणे नव्हे, हे आपली भाषा आपल्या आधी ओळखून आहे. एखादी गोष्ट परवडते म्हणजे तिचा सगळा भार आपण पेलू शकतो. हा भार कोणता व तो प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर पडतो, हा या लेखाचा विषय आहे.

विचारासाठी उदाहरण मात्र मुद्दामच लहान, आणि काहींना थोडेसे हास्यास्पद वाटेल असे घेतले आहे. घर, औषधपाणी, मुलांचे शिक्षण यांच्या खर्चात गरजेचा प्रश्न इतका मोठा असतो की हौसेचा प्रश्न त्याच्या आड सहज लपतो. उलट, कृत्रिम माशीने मासा पकडण्याची काठी ही निखळ हौसेची वस्तू होय. तिच्यावाचून कोणाचेही अडत नाही. बृहन्महाराष्ट्रात नोकरीनिमित्त विखुरलेल्या आपल्यापैकी कित्येकांना ही हौस लागते ती अगदी स्वाभाविक रीतीने. कुलू, काश्मीर, निलगिरी, सिक्कीम अशा एखाद्या थंड प्रदेशात बदली होते. बंगल्याच्या खालून ओढा वाहत असतो. संध्याकाळी करमणुकीचे दुसरे साधन नसते. आणि त्या ओढ्यात ट्राउट असतो. हा मासाही तेथला मूळचा नव्हे. काश्मीरात १८९९ साली विलायतेहून आलेली त्याची अंडी नासली. पुढच्या वर्षीच्या खटपटीला यश आले, आणि फ्रँक मिचेल या गृहस्थाच्या प्रयत्नाने तो तेथे रुजला. कुलूच्या खोऱ्यात तो १९०९ च्या सुमारास गेला. परक्या पाण्यात बिऱ्हाड थाटलेल्या या माशाविषयी बदलीच्या गावी राहणाऱ्याला थोडी आपुलकी वाटली, तर नवल नाही. मग मत्स्यखात्याचा परवाना निघतो, आणि प्रश्न उभा राहतो: काठी कोणती घ्यावी, आणि केवढ्याची?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी काठीचे काम काय, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडच्या साध्या गळात वजन असते ते टोकाला. शिशाचा गोळा किंवा आमिषच दोरीला ओढीत पुढे नेते. येथे सगळे उलट आहे. पिसे आणि रेशीम बांधून केलेल्या माशीचे वजन नसल्यासारखेच असते. ती फेकली जाणे अशक्य. म्हणून दोरीलाच वजन देतात, आणि दोरी फेकली की तिच्यामागून माशी जाते. काठी ही त्या दोरीला उडवणारी कमान होय. दोरी मागे नेताना काठी वाकते, क्षणभर थांबावे लागते, आणि पुढे आणताना तिच्यात साठलेला जोर दोरीत उतरतो. ही मधली थांबणी ज्याला साधली त्याला ही विद्या साधली. ती दुकानात विकत मिळत नाही.

दोरीचे हे वजन मोजण्याचे एक सर्वमान्य प्रमाण १९६० च्या सुमारास अमेरिकेतील मासेमारीच्या साहित्याच्या उत्पादकांनी ठरवले. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजून तिला क्रमांक देतात. पाच क्रमांकाच्या दोरीचे हे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. आठ क्रमांकाचे २१० ग्रेन. जो क्रमांक दोरीचा, तोच काठीवर छापलेला असतो. डोंगरी ओढ्यातील ट्राउटसाठी चार किंवा पाच क्रमांक पुरतो. महसीरासारख्या दांडग्या माशाला आठ किंवा त्याहून वरचा लागतो. ज्याला एवढे समजले त्याची निवड अर्धी झाली. परंतु उरलेली अर्धी किमतीची आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे.

काठीच्या किमतीला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांबूच्या सहा निमुळत्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या करण्याची कला अमेरिकेत व इंग्लंडात वाढीस लागली. त्यासाठी लागणारा बांबू हिंदुस्थानातून जाई आणि तिकडचे कारागीर त्याला कलकत्त्याच्या नावाने ओळखत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. अशी काठी म्हणजे कसबी हातांचे कित्येक दिवसांचे श्रम. ती श्रीमंतालाच शोभे. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या, १९७० नंतरच्या काही वर्षांत कार्बन तंतूच्या आल्या, आणि यंत्राने होणाऱ्या उत्पादनामुळे ही वस्तू सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आली. आज उत्तम मानल्या जाणाऱ्या अमेरिकी काठीची किंमत हजार डॉलरांच्या घरात जाते, तर नवशिक्याला पुरेसा असा काठी, रीळ आणि दोरी यांचा सबंध संच दोनशे डॉलरांच्या आत मिळतो. म्हणजे एकाच कामाच्या दोन वस्तूंत पाचपटीचे अंतर. हे अंतर कशाचे?

काही अंतर खरे आहे. महाग काठी वजनाला अधिक हलकी असते, तिचे टोक फेकीनंतर लवकर स्थिरावते, दोरी ज्यांतून सरकते त्या कड्या नीट एका रेषेत बसवलेल्या असतात, मुठीचे बूच चांगल्या प्रतीचे असते. पण या गुणांचा लाभ ज्याला थांबणी साधली आहे त्यालाच होतो. किंबहुना, फार ताठ आणि चपळ काठी नवशिक्याच्या हातात अधिक अवघड जाते. तिची मधली लवचिक बहीण त्याला दोरीचे वजन हाताला जाणवू देते आणि चुका पोटात घालते. काही अंतर मात्र काठीत नसतेच. अनेक महाग काठ्यांबरोबर मोडल्यास दुरुस्त करून देण्याची हमी येते, आणि त्या हमीचा खर्च अर्थातच किमतीत आधी घातलेला असतो. ज्याची काठी कधीच मोडत नाही, असा सावध माणूस येथे नकळत मोडणाऱ्यांचा हप्ता भरत असतो.

अशा वेळी शहाणपणाचा सल्ला देणारे दोन पक्ष ठरलेले आहेत. पहिला म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. मिळेल ती सर्वांत स्वस्त काठी घ्यावी, मासा काही किंमत विचारीत नाही. दुसरा म्हणतो, वस्तू घ्यावी तर उत्तमच. हौसेला मोल नाही. हे दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण त्यांच्यात एक गाढ सख्य आहे. दोघांचीही दृष्टी घेणाऱ्याच्या पाकिटावर खिळलेली आहे. एकाला ते जपायचे आहे आणि दुसऱ्याला ते उघडायचे आहे. पाकिटाच्या बाहेर कोणी काही भरतो आहे काय, ही शंका दोघांच्याही मनात येत नाही.

आपल्या परंपरेत अशा खर्चाचा विचार बहुधा अपरिग्रहाच्या अंगाने होतो. अनावश्यक वस्तूंचा संचय करू नये, हे व्रत थोर आहे. परंतु गृहस्थाश्रमी माणसाला ते काठीच्या दुकानात फारसे उपयोगी पडत नाही. ते कडकपणे लावले तर काठीच घेता येत नाही, आणि सैल सोडले तर कितीही घेता येतात. पतंजलीने यमांत अपरिग्रहाच्या बरोबर आणखी एक नाव घातले आहे: अस्तेय, म्हणजे चोरी न करणे. हौसेच्या वस्तूंना लावण्याची खरी कसोटी ही असावी असे वाटते. ज्या सुखाचे मोल मी भरले नाही आणि दुसऱ्याने न विचारता भरले, ते सुख चोरीचे होय, मग पावती माझ्या नावाची का असेना. या कसोटीने पाहिले तर परवडणारी काठी म्हणजे जिची सबंध किंमत मी स्वतः भरू शकतो ती. आणि जिच्या किमतीतील काही भाग दुसऱ्यावर पडतो ती कितीही स्वस्त असली तरी परवडणारी नव्हे.

ही व्याख्या थोडी ताणून पाहू. पहिला भरणारा घरातच असतो. काठी मोडते, हे तिच्या स्वभावात आहे. कार्बनची काठी हलकी असते, तशीच ठिसूळही असते. जड माशीचा एखादा टोला लागून पडलेली बारीकशी चीर दिसतही नाही, आणि पुढे केव्हातरी ती तेथेच तुटते. अनुभवी लोक सांगतात, की काठ्या माशांपेक्षा मोटारीच्या दारांनी आणि छताच्या पंख्यांनीच अधिक मोडल्या आहेत. बदलीच्या सामानात, ट्रंका आणि वळकट्यांच्या खाली, काय होईल हे वेगळे सांगायला नको. तेव्हा काठी घेताना विचारायचे ते असे: ही उद्या मोडली तर घरात काय होईल? ज्या काठीला मुलाचा नुसता हात लागला तरी बापाचा चेहरा बदलतो, तिची किंमत त्या मुलाने भरायला सुरुवात केलेली आहे. पैसे खिशात असूनही ती काठी त्या घराला परवडलेली नाही. जिचे मोडणे आपण हसून सोसू शकतो, तेवढ्याच किमतीची काठी आपली.

दुसरा भरणारा पाण्यात असतो, आणि येथे काटकसरीच्या पक्षाला अडवावे लागते. अगदी स्वस्त काठीच्या कड्या एका रेषेत नसतात. सांधे सैल असतात. टोक जड असते. दोरी नीट पडत नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण खरी, पण काही अंगणे खरोखरच वाकडी असतात, आणि वाकड्या अंगणात शिकणारा नाचच सोडून देतो. हे नुकसान त्याचे त्याने भरले, म्हणून सोडून देऊ. परंतु काठी कमकुवत असली, किंवा माशाच्या मानाने फार हलकी असली, तर गळाला लागलेला मासा काठाशी आणायला वेळ लागतो. तितका वेळ तो जिवाच्या आकांताने झुंजत असतो. त्याच्या स्नायूंत आम्ल साठत जाते. आणि अखेर सोडून दिला तरी पोहत गेलेला मासा पुढे मरू शकतो. पाणी उबदार असले तर त्यातला प्राणवायू कमी, आणि धोका अधिक. ट्राउटच्या ओढ्याचे पाणी २० अंश सेल्सियसच्या आसपास चढले की जाणते लोक काठी गुंडाळून ठेवतात. हलक्या काठीवर मोठा मासा खेळवला, अशी फुशारकी काही मंडळी मारतात. त्या फुशारकीचा सगळा खर्च मासा करतो. बेडकांना दगड मारणाऱ्या मुलांची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. ती मोठेपणी विसरण्याचे काही कारण नाही.

काठीच्या टोकाला बांधलेल्या माशीचीही अशीच कथा आहे. सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या रानांत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखी चकाकणारी ठिपक्यांची पिसे असतात. विलायती सॅमन मासा पकडण्याच्या माशा बांधताना या पिसांना फार मागणी असे. कोठल्याशा स्कॉटिश नदीवर कोणा सरदाराची हौस भागावी म्हणून आपल्याकडचा कोंबडा मान देत होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आता त्याच्यावर आहे. 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' असे आपण म्हणतो. येथे मसाल्यासाठीच कोंबडी जात होती. हौसेचे बिल किती दूरच्या पत्त्यावर जाऊन पोहोचू शकते, हे समजण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

तिसरा भरणारा दिसायला सर्वांत कठीण, आणि आपल्यासारख्या सरकारी चाकरीतील माणसांना सर्वांत जवळचा. जिल्ह्याच्या गावी अधिकाऱ्याची हौस फार काळ लपून राहत नाही. साहेबांना काय आवडते हे जाणणे हा तेथील काही लोकांचा धंदाच असतो. साहेब गाणे ऐकतात असे कळले की मैफली होतात. साहेब नदीवर जातात असे कळले की एक दिवस लांबट, सुबक नळी घरी येते. आत उत्तम विलायती काठी असते. किंमत विचारावी तर देणारा हात जोडतो: "आपल्यासारख्या दर्दी माणसाच्या हातात शोभेल म्हणून आणली." त्यात मागणे काहीच नसते. मागणे नसते हीच त्या भेटीची किंमत आहे, आणि ती पुढे केव्हातरी, एखाद्या निविदेच्या कागदावर, सार्वजनिक तिजोरीतून वसूल होते. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांतील तेरावा नियम भेटवस्तूंविषयी आहे. ज्याच्याशी सरकारी कामाचा संबंध नाही असा मित्र किंवा आप्त, आणि रूढ मंगलप्रसंग, यांचा अपवाद त्यात आहे. नदीवर जाण्याचा शौक हा असा प्रसंग नव्हे. पण नियम बाजूला ठेवला तरी आपली व्याख्या पुरेशी आहे. जी काठी फुकट मिळाली तिची सबंध किंमत दुसऱ्याने भरलेली असते. म्हणून जगात सर्वांत न परवडणारी काठी कोणती असेल, तर ती फुकटची.

याच नियमाचे एक घरगुती रूपही आहे, आणि ते कोणाच्या चौकशीत सापडत नाही. काठी स्वतःच्या पगारातून घेतलेली, साधी, निष्कलंक. पण तिला नदीपर्यंत नेणारी जीप सरकारची, पेट्रोल सरकारचे, आणि रविवारच्या सुट्टीच्या दिवशी पाण्यात उभा राहून साहेबांची अडकलेली माशी झुडपातून सोडवणारा शिपाईही सरकारचा. त्या शिपायाने आपल्या मुलाबाळांतला एक दिवस साहेबांच्या हौसेत भरला. तो तक्रार करीत नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही. सामान्य माणसाची काटकसर पुष्कळदा अशीच असते. आपण काठी स्वस्त घेतो, आणि उरलेली रक्कम ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतो.

एवढे झाल्यावर व्यवहाराचा सल्ला थोडक्यात सांगता येईल, आणि तो तत्त्वचर्चेच्या मानाने बराच साधा आहे. ट्राउटच्या पाण्याजवळ बदली झालेल्याने पाच क्रमांकाची, साडेआठ ते नऊ फूट लांबीची, मध्यम लवचीक, चार तुकड्यांची काठी घ्यावी. ती वळकटीत मावते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग, ही दोन्ही टोके सोडावीत. घेण्यापूर्वी तुकडे जोडून पाहावेत, एक डोळा मिटून कड्या रेषेत आहेत काय ते बघावे, सांधे डुगडुगत नाहीत ना ते तपासावे. रिळावर फार खर्च करू नये. लहान ट्राउटच्या बाबतीत दोरी गुंडाळून ठेवणे एवढेच त्याचे मुख्य काम. वाचलेले पैसे दोरीवर घालावेत, कारण माशीला वाहून नेते ती दोरी. मग पाण्याकडे न जाता, गळ न बांधता, लोकरीचा एक धागा टोकाला लावून महिनाभर मैदानात फेकीचा सराव करावा. ज्याचे मोल पूर्णपणे स्वतःलाच भरावे लागते असा या सगळ्या हौसेतील एकमेव भाग म्हणजे हा सराव. तो कोणी भेट देऊ शकत नाही आणि कोणाच्या नावे टाकता येत नाही.

येथपर्यंतचा हिशेब जमला. पण प्रामाणिकपणे पाहिले तर तो पूर्ण जमलेला नाही. बाकी उरते ती माशाची. घरच्यांना सांभाळता येते, शिपायाला सुट्टी देता येते, भेट परत करता येते. पण गळाला लागलेल्या माशाची संमती कोणत्याही काठीने मिळत नाही. त्याला वेदना होतात की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउटच्या डोक्यावर इजा जाणणाऱ्या मज्जातंतूंची केंद्रे दाखवून दिली. इजेची जाणीव म्हणजेच वेदना नव्हे, असे म्हणणारेही अभ्यासक आहेत. समाजांनीही याची परस्परविरोधी उत्तरे दिली आहेत. अमेरिकेत ली वुल्फ यांच्यासारख्यांनी १९३९ पासून असा पुरस्कार केला, की पकडलेला मासा जिवंत परत सोडावा, म्हणजे नदी भरलेली राहील. स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांत नेमके उलट ठरवले: सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडणे तेथे निषिद्ध झाले, कारण भुकेसाठी मारण्याला काही अर्थ आहे, पण खेळासाठी भिवविण्याला कोणता? आणि आपल्या महाराष्ट्रात वाड्याजवळ तिळसे येथे, किंवा महाडकडच्या वाळणकोंडीत, तिसरेच उत्तर आढळते. तेथील डोहांतील मासे देवाचे. लोक त्यांना खाऊ घालतात आणि त्यांच्यावर गळ टाकीत नाहीत.

या तीन उत्तरांपैकी कोणते खरे, याचा निवाडा काठीच्या दुकानात होणार नाही. पण परवडण्याचा जो अर्थ आपण वर लावला, तो या ठिकाणी डळमळतो हे मान्य केले पाहिजे. माशाचे देणे कोणालाच पुरते फेडता येत नाही. ते कमी मात्र करता येते. काट्याचा मागचा उलटा दात चिमट्याने दाबून टाकला तर गळ जखम न वाढवता निघतो. ओल्या हाताने धरले तर अंगावरचा चिकट थर जात नाही. पाण्याबाहेर न काढता सोडले तर श्वास कोंडत नाही. जेवणाला दोन हवेत तर दोनावर थांबता येते. हिमाचल प्रदेशात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, ती विणीच्या माशाला दिलेली सुट्टी मनापासून पाळता येते. या प्रत्येक गोष्टीत घेणारा आपल्या हौसेतून थोडे कापून माशाच्या खात्यात भरतो. तरीही खात्यावर काही बाकी राहते. ज्याला ती बाकी सोसत नाही त्याने काठी घेऊ नये, आणि त्याला कोणी भित्रा म्हणू नये. ज्याला ती सोसते असे वाटते त्याने निदान ती शून्य आहे असे सांगत फिरू नये.

हौसेला मोल नाही, असे म्हणणाऱ्याला कदाचित एवढेच सुचवायचे असेल, की आनंदाचे माप पैशात काढू नये. त्या अर्थाने ती म्हण निर्दोष आहे. पण मोल नाही म्हणून बिलही नाही, असा अर्थ तिच्यातून निघत नाही. बिल येतेच, कधी घरी येते, कधी कचेरीत, कधी शिपायाच्या झोपडीत, आणि कधी पाण्याखाली, जेथे वाचणारा कोणी नसतो. त्यातले जेवढे आपल्या पत्त्यावर वळवून घेता येईल तेवढे घ्यावे, आणि मग जी काठी हातात उरेल ती निश्चिंतपणे वापरावी. नव्या जागी बदली झाली आणि तेथे ओढा नसला, तर ती शेजारच्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाला देऊन टाकावी. देताना मनाला हिसका बसला नाही, तर ती काठी आपल्याला परवडली होती असे समजावे.